रेटा थांबवल्याच्या शिक्षेविरुद्ध

प्रति,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी,
जिल्हा क्रीडा कार्यालय, ठाणे.

अर्जदार : दामाजी गोमाजी तांडेल,
कप्तान, खाडीकाठ क्रीडा मंडळ (रग्बी), कोळीवाडा, ठाणे.

विषय : खाली पडलेल्या खेळाडूसाठी खेळ थांबवल्याबद्दल झालेले निलंबन माफीपत्राशिवाय रद्द होण्याबाबत, व रेट्याच्या नव्या नियमात एक ओळ वाढवण्याबाबत.

संदर्भ : विभागीय रग्बी समन्वय समितीचे दि. ८ डिसेंबर १९९३ चे निलंबनपत्र.

महोदय,

१. अर्जदार हा कोळीवाड्यात जन्मलेला व वडिलांच्या होडीवर वाढलेला इसम आहे. रग्बी हा खेळ आपल्या कार्यालयाच्या नेहमीच्या पाहण्यातला नसल्यामुळे तो खाडीकाठी कसा आला, हे आधी सांगणे भाग आहे. सन १९८४ मध्ये अर्जदार ठाण्यातील एका कारखान्यात लागला. तेथील एका इंजिनिअर साहेबांना या खेळाचे वेड होते व त्यांनी कामगारांचा संघ काढला. त्याच पाळीत श्री. उत्तम कुंभारकर होते. मूळ गाव साताऱ्याकडचे, राहणार विठ्ठलवाडी. दोघे एकाच दिवशी संघात आले, एकमेकांच्या डब्यातले जेवले, आणि पहिल्या आठवड्यापासून खेळावरून भांडले. पुढे कारखाना बंद पडला. अर्जदार परत होडीवर आला व त्याने कोळीवाड्यातल्या तरण्या माणसांचा संघ उभा केला. उत्तम डोंबिवलीत व्यायामशिक्षक झाले व त्यांनी तिकडे संघ काढला. कारखाना गेला, भांडण राहिले.

२. भांडण कशावरून, तेही सांगतो. या खेळात लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा असतो. चेंडू पुढे फेकता येत नाही, मागेच द्यावा लागतो. उत्तम यांचा संघ हातोहात चेंडू देत, मैदानाच्या कडेकडेने वाऱ्यासारखा पळतो. अर्जदाराचा संघ पळत नाही. चेंडूवाल्याला प्रतिपक्षाने उभ्याउभ्या धरले, की त्याचे सगळे साथीदार त्याला कवटाळतात आणि अख्खा घोळका पाऊल पाऊल पुढे रेटतात. इंग्रजीत त्याला मॉल म्हणतात, कोळीवाड्यात रेटा म्हणतात. भरलेले जाळे होडीवर ओढताना एकाने दम सोडला तर सगळ्यांचे हात कापतात, हे ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहे त्यांना रेटा शिकवावा लागला नाही.

नौपाड्यात चहाच्या टेबलावर उत्तम अर्जदाराला अनेकदा म्हणाले आहेत, "दाम्या, लोकांना चेंडू दिसला पाहिजे रे! तुझ्या ढिगाऱ्यात तो कुठं असतो ते तुला तरी माहीत असतं का?" त्यावर अर्जदाराचे उत्तर ठरलेले असे : "तुजी पोरं चेंडू दाखवतान. आमची माणसं एकमेकांना सोडीत नाय, ता तुला दिसत नाय का?" यात कोणाचे बरोबर, हा निकाल आपल्याकडे मागितलेला नाही. तो भांडणाचा विषय आहे व तसाच राहावा.

३. यंदा समितीने परदेशात आधीच लागू झालेला नवा नियम आपल्या विभागात आणला. नियम असा, की रेटा जागच्या जागी थांबला आणि चेंडू बाहेर आला नाही, तर चेंडू प्रतिपक्षाला. ऑक्टोबरच्या बैठकीत उत्तम यांनी नियमाचे स्वागत केले. खेळ वाहता राहील, बघणारे वाढतील, असे ते म्हणाले. अर्जदाराने उभे राहून विरोध केला : थकून थांबणे वेगळे, अडवल्याने थांबणे वेगळे, आणि कोणी खाली सापडला म्हणून थांबणे वेगळे, तिन्हीला एकच शिक्षा कशी? समितीचे मानद चिटणीस श्री. शिवराम गद्रे यांनी सांगितले, की खाली कोणी सापडल्यास पंच शिट्टी वाजवतील, कप्तानांनी काळजी करू नये. अर्जदाराने विचारले, "पंचांना रेट्याच्या आतलं दिसतं का?" सभेत हशा झाला आणि पुढचा विषय घेतला गेला.

४. अंतिम सामना दि. २८ नोव्हेंबर रोजी खोपटच्या मैदानावर उत्तम यांच्या डोंबिवली संघाशी झाला. पूर्वार्धात नव्या नियमाने अर्जदाराच्या संघाचे कंबरडे मोडले. रेटा अडला की चेंडू डोंबिवलीकडे, आणि डोंबिवलीकडे चेंडू म्हणजे कडेने धाव. मध्यंतरात सखाराम कोळी, जो रेट्याच्या मध्यभागी असतो, बूट काढून बसला व म्हणाला, "आपला खेल कायद्यानं बंद केला, दामाजी. चल घरा." अर्जदार म्हणाला, "बूट घाल. थांबला का चेंडू जातो ना? मंग थांबायचाच नाय."

उत्तरार्धात संघ तसाच खेळला. अडला तर तिरका सरकला, तिरका अडला तर वळला. पण पाय हलते ठेवले. डोंबिवली फक्त चार गुणांनी पुढे होती आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याचे पाच मिळतात. सामना संपत आला असताना अर्जदाराचा संघ रेषेजवळ पोहोचला. चेंडू सखारामच्या पोटाशी होता. बाहेर शिट्ट्या, टाळ्या, ताशा, सगळे एकदम चालले होते.

तेव्हा अर्जदाराच्या पायाखाली माती नव्हती. मऊ काहीतरी होते, आणि ते हलले. खाली डोंबिवलीचा सहदेव आंब्रे उताणा पडला होता. दोन्ही संघांच्या पायांत त्याचे तोंड दिसत होते. तोंड उघडे होते आणि आवाज निघत नव्हता. पाण्यात बुडणाऱ्या माणसाचे तोंड अर्जदाराने पाहिलेले आहे. त्याने आपल्याच माणसांकडे पाठ वळवली, हात पसरले आणि ओरडला, "थांबा! माणूस हाय खाली! थांबा!"

महोदय, रेषा तेथून एका हातावर होती. तरी रेटा थांबला. सखारामने समोरच्यांचे वजन स्वतःच्या पाठीवर घेतले, इतर बाजूला झाले व सहदेवला ओढून काढले. त्यानंतर शिट्टी वाजली. पंचांनी चेंडू डोंबिवलीला दिला. अर्जदाराने कारण विचारले असता पंच म्हणाले, "धोका दिसला असता तर मीच थांबवलं असतं. माझ्या शिट्टीआधी तुम्ही थांबलात. थांबलेला रेटा, चेंडू समोरच्याचा." डोंबिवलीने चेंडू मैदानाबाहेर मारला व सामना संपला. सहदेवच्या दोन बरगड्या मोडल्याचे संध्याकाळी इस्पितळात कळले.

५. बक्षीस समारंभात उपविजेतेपदासाठी अर्जदाराचे नाव पुकारले गेले. चषक घेतल्यावर त्याने ध्वनिक्षेपक मागून घेतला आणि एवढेच बोलला : "आमी हरलो ता मान्य हाय. पन असा माणूस खाली पडला तर आमचा संघ परत थांबेल, आनि चेंडूबी देनार नाय." हे शब्द समितीने निलंबनपत्रात "उद्धट व चिथावणीखोर भाषण" म्हणून उतरवले आहेत. शब्द बरोबर उतरवले आहेत. अर्जदार त्यातील एकही मागे घेत नाही.

६. दि. ५ डिसेंबरच्या चौकशीत अर्जदारावर दोन आरोप ठेवण्यात आले. पहिला, रेटा चालू ठेवून प्रतिपक्षाच्या खेळाडूचा जीव धोक्यात घातला. दुसरा, अधिकार नसताना खेळ थांबवला. अर्जदाराने विचारले, की त्या घटकेला त्याने नेमके काय करायला हवे होते, चालायचे की थांबायचे? चिटणीस म्हणाले, "शिट्टीची वाट बघायची." अर्जदार म्हणाला, "त्याच्या छातीवर उभं राहून?" हा प्रश्न समितीने उद्धटपणाच्या सदरात तिसरा आरोप म्हणून वाढवला. अशा रीतीने एका जिवाच्या बदल्यात तीन आरोप झाले, संघ वर्षभरासाठी निलंबित झाला, मैदानाची रविवारची सकाळ काढून घेतली गेली, आणि लेखी माफी दिल्यास फेरविचार होईल असे कळवण्यात आले.

चौकशीला उत्तम कुंभारकर विजेत्या संघाचे शिक्षक म्हणून हजर होते. अर्जदाराला त्यांच्याकडून काही अपेक्षा नव्हती. नियम त्यांच्या आवडीचा, चषक त्यांच्या कपाटात. त्यांनी उभे राहून सांगितले, "नियम चांगला आहे, मी आजही त्याच्या बाजूचा आहे. दामाजीचा खेळ मला कधीच आवडला नाही. पण त्या वेळी चेंडू त्यांचा होता, साहेब. आम्ही त्यांना अडवलं नव्हतं." चिटणिसांनी त्यांना विषयाला धरून बोलण्यास सांगितले. उत्तम म्हणाले, "विषय हाच आहे." आणि खाली बसले.

७. निलंबनपत्र आल्यावर संघात दोन तट पडले. मैदान परत मिळावे म्हणून काहींनी माफी लिहून मोकळे व्हा असा आग्रह धरला. अर्जदाराची पत्नी सरस्वती हिचेही मत सुरुवातीला तसेच होते. "दोन ओली लिवल्यान तुजा काय जाल?" असे ती म्हणाली. त्याच दिवशी दुपारी सहदेवची आई विमलाबाई आंब्रे डोंबिवलीहून पत्ता विचारीत कोळीवाड्यात आल्या. आभार मानायला आल्या असतील असे वाटून सरस्वतीने पाट मांडला. त्या आभार मानायला आल्या नव्हत्या. पाटावर न बसताच त्यांनी अर्जदाराला विचारले, "माझा मुलगा खाली होता तर थांबायला एवढा वेळ का लागला हो तुम्हाला?"

अर्जदाराने सांगितले, की इतक्या माणसांचे वजन एका हाकेने थांबत नाही. मागच्यांना ऐकू यायला, पाय रोवायला वेळ लागतो. विमलाबाई म्हणाल्या, "आणि पुढच्या वेळी? थांबल्याची शिक्षा झाली हे तर आता सगळ्यांना कळलंय. पुढचा माणूस हाक तरी मारेल का?"

त्या गेल्यावर सरस्वतीने निलंबनपत्र अर्जदाराच्या हातातून घेतले, घडी घातली आणि म्हणाली, "माफी लिवायची नाय. अर्ज लिव." म्हणून हा अर्ज.

८. आता एक गोष्ट आपणास दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी अर्जदारानेच कळवणे योग्य. काल, रविवारी, निलंबन चालू असताना, अर्जदाराचा संघ खेळला. प्रस्ताव उत्तम यांचा होता. मैदान नसल्याने मिठागराच्या कडेची कोरडी जमीन साफ करून रेषा आखली. उत्तम आपला पूर्ण संघ घेऊन आले. सहदेव छातीला पट्टा बांधून काठावर बसला होता व त्याची आई शेजारी छत्री धरून होती. ठरले ते असे : सामना जेथे तुटला तेथूनच जोडायचा. रेषा एका हातावर, चेंडू सखारामच्या पोटाशी, दोन्ही संघ एकमेकांना भिडलेले, आणि फक्त तो एक रेटा. पंच कोणी नाही. खाली कोणी पडला तर कोणीही हाक मारायची, सगळ्यांनी थांबायचे, चेंडू ज्याचा त्याचाच राहायचा.

रेटा सुरू झाला. कोळीवाड्याने सगळे बळ लावले. आणि महोदय, डोंबिवलीने तो अडवला. पळणारी म्हणून अर्जदाराने इतकी वर्षे ज्यांची टिंगल केली, ती पोरे घोट्यापर्यंत मातीत रुतून उभी राहिली. एकही पडला नाही, एकही हटला नाही. सखाराम तिरका सरकला, तिकडेही ती होती. वळला, तिकडेही होती. शेवटी रेटा जागच्या जागी थांबला आणि दोन्ही बाजूंचा नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

शिट्टी वाजवायला कोणी नव्हते. अर्जदाराने सखारामच्या हातातून चेंडू काढला, स्वतः चालत जाऊन उत्तम यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "घे. या टायमाला तुमी थांबवलाव."

सबब मागणी अशी :

(अ) रेट्याच्या नियमात पुढील ओळ वाढवण्यास आपण समितीला सांगावे : "खाली पडलेल्या खेळाडूसाठी कोणत्याही खेळाडूने हाक देऊन रेटा थांबवल्यास चेंडू ज्या संघाकडे होता त्याच संघाकडे राहील." नियमाचे बाकी शब्द आहेत तसे ठेवावेत, त्यांच्याविरुद्ध अर्जदार चहाच्या टेबलावर भांडत राहील.

(ब) निलंबन रद्द करावे. माफीपत्र मिळणार नाही. ही अट राहणार असेल तर निलंबन वर्षभराचे न ठेवता कायमचे ठेवावे, म्हणजे दरवर्षी नवीन अर्ज करण्याचा त्रास वाचेल.

(क) कालच्या खेळाबद्दल कारवाई करायची झाल्यास ती दोन्ही संघांवर करावी. ही मागणी डोंबिवली संघाची असून त्यांनी ती मुद्दाम लिहायला लावली आहे.

येत्या रविवारी सकाळी, ओहोटीच्या वेळेला, दोन्ही संघ मिठागराच्या कडेला पूर्ण सामना खेळणार आहेत. परवानगी मागितलेली नाही. आपण यावे, एवढी विनंती आहे. बसायला खुर्ची ठेवली जाईल.

आपल्या खुर्चीचा मान राखून, स्वतःचा शब्द न सोडता,

आपला,
(सही)
दामाजी गोमाजी तांडेल

ठाणे, दि. २० डिसेंबर १९९३

सोबत :
१. निलंबनपत्राची प्रत.
२. सहदेव आंब्रे यांचे निवेदन (बरगड्या दुखत असल्याने अक्षर वाकडे आहे).
३. श्री. उत्तम कुंभारकर यांचे पत्र. यात अर्जदाराच्या खेळाविरुद्ध दीड पान व मागणी (अ) च्या बाजूने तीन ओळी आहेत. दोन्ही वाचावे.