सतरा नंबरची रेघ

मंगळवार, ११ मार्च

प्रिय भाऊजी,

नमस्कार. घरी सगळे बरे असतील, मुलीची परीक्षा आटोपली असेल. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिने चढते.

ऑफिसचं पत्र मिळालं. किनाऱ्यापासून लांब, समुद्राखालच्या ज्या खोऱ्यात अजून एकही विहीर खोदलेली नाही, तिथल्या तेल-वायूच्या शक्यतेचा अहवाल पुरा होत आला म्हणे. पहिली विहीर ह्यांनी नकाशावर दाखवलेल्या उंचवट्यावर घ्यायची आणि त्या उंचवट्याला ह्यांचं नाव द्यायचं. खाली तुमची सही. तुम्ही ह्यांच्या हाताखाली तयार झालात, आणि शेवटचं वर्षभर ह्यांनी तुमच्याशीच बोलणं टाकलं. पत्र दोनदा वाचलं. मग उगाच भांडी घासत बसले. ती घासलेलीच होती.

नाव देऊ नका. विहीरही तिथे घेऊ नका.

हे गेल्यावर त्यांची पुस्तकं मी शब्दकोश घेऊन वाचायला लागले. सातवीत शाळा सुटलेली बाई, दिवसाला दोन पानं, कधी अर्धंच. खडक उलट्या वाटीसारखा असला तर तेल-वायू त्याखाली अडतो, आणि एक कड जरी खुली राहिली तरी सगळं निसटून जातं, हे तेव्हा कळलं. मग सर्वेक्षणाच्या कागदांची गुंडाळी काढून जेवणाच्या टेबलावर पसरली. जहाज सरळ रेघेत जात खडकाची खोली मोजतं, प्रत्येक रेघेचा एक कागद; सतरा नंबरच्या कागदाच्या कोपऱ्यात जहाजाच्या दिशेचा बाण आहे, नखाएवढा. बाकी सगळ्या रेघा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. ही एकटीच जहाज परत येताना घेतलेली, म्हणून तिचे आकडे उलट्या बाजूने सुरू होतात. ते तसे मांडले तर पूर्वेची कड खाली उतरत नाही, वर चढते. वाटी तिथे फुटकी आहे.

ह्यांनी नकाशा मांडला त्या बैठकीत तुम्ही एवढंच म्हणाला होतात, की सतरा नंबर बसत नाही.

इथवर लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. आता राहिलेलं लिहिते.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ह्यांना बारीक आकडे दिसत नव्हते. रजा घ्या म्हटलं तर ऐकतील तर शपथ. कागद घरी आणायचे, मी आकडे वाचायची, ते नकाशावर मांडायचे. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. सतरा नंबर मीच वाचला, बाकीच्यांसारखा, डावीकडून उजवीकडे. त्या बैठकीहून आल्यावर त्यांनी विचारलं, "सतरा नंबर नीट वाचला होतास ना?"

मी फणकाऱ्याने म्हटलं, "म्हणजे मला आता आकडेही वाचता येत नाहीत?"

माझ्या शिक्षणाचा विषय निघाला की मी अशीच. ते हसले. म्हणाले, "तू वाचलंस ना, मग झालं." त्यांनी तो कागद पुन्हा उघडला नाही. तुमच्याशी अबोला धरला तो माझ्या शब्दावर.

आणि बाण मला दिसला तो गेल्या जुलैत. आठ महिने मी गप्प बसले. हे गेलेत, आता कशाला, असं स्वतःला सांगत राहिले.

पण एक विहीर कोरडी निघाली की अख्खं खोरं निकामी ठरवून फाइल बंद करतात, असं हेच सांगायचे. ह्या खोऱ्यावर त्यांनी एकवीस वर्षं घातली. माझ्या फणकाऱ्यापायी ते बंद होऊ देणार नाही.

सोमवारी अकरा वाजता गुंडाळी घेऊन ऑफिसात येते. नकाशा नव्याने काढा. अहवालात "आकडे पत्नीने वाचले" असं सरळ लिहा. चुकीची मला लाज नाही, लपवल्याची आहे. पश्चिमेला एक लहान उंचवटा आहे, त्याच्याशेजारी ह्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय. ते ऑपरेशनच्या आधीचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघून केलेलं. तो आधी तपासा. तिथेही काही नसेल तर तसं मला तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन.

तुमचं बरोबर होतं, हे उशिरा का होईना लेखी देणारी,
वहिनी