तव्यावरची मशेरी

९ जाने.
ताई आली. सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे दिंडोशीला, आमच्या एका खोलीत. जिजू घाटकोपरहून रिक्षाने सोडून गेले. पोट एवढंसंच दिसतं. आई खूश. "लहान आहे ते बरंय. पटकन सुटेल."
मी : आई, हे काय लॉजिक?
"तुला झालंय का एक तरी? मग गप."

१२ जाने.
घरभर तंबाखूचा वास. आई तव्यावर मशेरी भाजत होती. लहानपणापासून या वासानेच जाग येते. कॉलेजात कविता लिहिलेली मी यावर, सगळे झकास म्हणालेले. उठून बघते तर मोरीत दोघी शेजारी शेजारी, बोट दातांवर. ताईने लग्नानंतर सोडलेली ना यार!
"जळजळतं गं. जरा लावली की बरं वाटतं."
"तंबाखू आहे ताई ती!"
आई : खातेय कुठे ती? थुंकतेय ना.

२० जाने.
तपासणी. रक्त कमी. ताईचं वजन वाढत नाही, बाळ दिवसांच्या मानाने लहान. सिस्टरने विचारलं, तंबाखू, मशेरी काही? ताई सरळ "नाही". मी सांगून टाकलं. सिस्टर ओरडल्या नाहीत. "थुंकलीस तरी रक्तात जाते बाई. बाळाला पोचते. आजपासून बंद."
ताईने घरी येऊन चप्पल काढली. मग : "चोमडी."

२९ जाने.
बंद केली तर डोकं ठणकतं, पोट साफ होत नाही, जेवण जात नाही. जेवली नाही तर बाळ कसं वाढणार? आईला बघवेना. पुन्हा चिमूटभर. मी डबा संडासात ओतला. आईने नवीन आणली.
"माझ्या पोरीचं मला कळतं. तू नको शिकवू."

११ फेब्रु.
मुलगी. दोन महिने आधीच. दीड किलोसुद्धा नाही. काचेच्या पेटीत. कातडी सैल, दुसऱ्या कुणाचे कपडे घातल्यासारखी.
तिच्यावर क्रियापदांशिवाय कविता लिहून बघितली. फाडली.

१४ फेब्रु.
डॉक्टर : एकच कारण सांगता येत नाही. रक्त कमी होतं, खाणं कमी, मशेरी. सगळं मिळून.
आईने त्यातलं एकच ऐकलं.
ताईची सासू फोनवर : माहेरी पाठवली ती यासाठी?

१७ फेब्रु.
बाळाला उघड्या छातीशी धरायचं, ऊब मिळते. ताईला ताप, म्हणून सिस्टर आईला म्हणाल्या, आजी, तुम्ही या. आई मागे सरली. "नको. माझ्या अंगाला वास आहे."
मग मी बसले. श्वास हिचा कुठला, माझा कुठला

२१ फेब्रु.
बाळ मधेच श्वास घ्यायचं विसरतं. पुन्हा पेटीत. ताई काचेला चिकटून. आई आणि मी बाहेर बाकावर. आईने हॉस्पिटलात आल्यापासून मशेरी लावलेली नाही.
अचानक म्हणाली, "तुमच्या आधी मला मुलगा झालेला."
मला माहीतच नव्हतं.
"असाच. एवढासा. आठवडाभर होता. सगळे म्हणाले, अशक्त होता, गेला."
मी तिच्याकडे वळले.
"तू शिकलीस ना? सांग. तो पण माझ्यामुळेच?"
म्हटलं, आई, डॉक्टर म्हणाले ना, एकच कारण...
"डॉक्टरचं नको. तू सांग."
ताईने दारातून हाक मारली, आई, ये ना आत, लवकर ये. आई हलली नाही. माझं मनगट घट्ट धरून बसली, मी काहीतरी बोलावं म्हणून.
मी अजून बोललेले नाही.