मामाच्या लॅपटॉपवरचं हिरवं स्टिकर

२७ सप्टेंबर २०२५

कागद बंद! साइटच्या इंजिनियर सौम्या मॅडमनी आज सांगून टाकलं. गोविंदपुरमला यात्रेकरूंसाठी लॉज उठतोय, तिथं पाइपचं काम सुरेंद्रमामाचं. मी भाचा, म्हणजे पाइप धरणारा. आजवर नकाशा भिंतीला टेकवून भागायचं. आता तीन तारखेपासून सगळं कॉम्प्युटरातल्या मॉडेलवर. भिंतीच्या आत सळ्या कुठं, पाइप कुठं, सगळं फिरवून दिसतं म्हणे. "ज्याच्याकडं मॉडेल उघडत नाही, त्यानं भिंतीला हात लावायचा नाही."

मामाच्या फोनवर उघडलं. नुसतं छप्पर आलं. मग फोन तापला आणि बंद.

मामा म्हणाला, "छप्पर तरी बरं बांधलंय."

२९ सप्टेंबर

जुना लॅपटॉप चालेल, पण ग्राफिक्स कार्ड वेगळं पाहिजे — गेम खेळणाऱ्या पोरांच्यात असतं तसलं. मॅडमनी सांगितलं. मामाला कार्ड म्हणजे रेशनचंच माहीत. मी शिकवलं — एवढं लक्षात ठेव, हिरवं स्टिकर असेल तर वेगळं कार्ड. जेवताना मामा तेच घोकत होता. अलमेलूमामी म्हणाली, "आता भजनात पण हेच म्हणाल."

३० सप्टेंबर

लिहू की नको. लिहितो.

वैद्यनाथच्या दुकानात दोन होते. एक काळा, जाड, हिरवं स्टिकरवाला, महाग. दुसरा पातळ, चकचकीत, स्वस्त. त्यात कार्ड नाही. बाजूला एक मेलेला लॅपटॉप पडलेला, त्यावरही तसलंच स्टिकर. मामा बाहेर टपरीवर फिल्टर कापी पीत होता. वैद्यनाथची मान खाली, फोन दुरुस्त करत होता. माझे हात काही गप्प बसत नाहीत. मेलेल्याचं स्टिकर नखानं सोडवलं, पातळ्यावर बसवलं. मामा फसेल, मग मी स्टिकर ओढून दाखवीन, हसू. एवढंच होतं.

मामा आत आला. खूप वेळ बघत उभा राहिला. मग मला आपल्या मराठीत म्हणाला, तमिळ दुकानदाराला कळू नये म्हणून — "नरसू, हाच. गप्प राहा, नाहीतर तो भाव चढवेल. तू शिकवलंस म्हणून कळलं बघ."

तेव्हाच सांगायचं होतं. असलं कौतुक माझं कोण करतं? शाळेत तर कधीच नाही. मामा म्हणाला, गाडी वळवून आण. वळवून आणली.

वैद्यनाथ पिशवी देताना म्हणाला, "काही असेल तर दोन दिवसांत आणा. मग नाही."

१ ऑक्टोबर

आयुध पूजा. नट आवळायचे पाने, ड्रिल, पाइप कापायची करवत, सगळं मांडलेलं. मध्ये लॅपटॉप. मामीनं झाकणावर चंदन लावलं, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. पूजेला ठेवलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. उघडून बघायचा तर प्रश्नच नाही. रात्री मामाला सांगू म्हटलं, तर तो मामीला सांगत होता — "नरसूनं निवडून दिला."

मामी म्हणते, पोरगं आज गप्प आहे, ताप आहे का बघा.

२ ऑक्टोबर

दुकानाला कुलूप. सणाची सुट्टी. दोन दिवस संपले.

३ ऑक्टोबर

साइटवर सगळे गोळा झाले. मामानं पँटला हात पुसले, मग झाकण उघडलं. चंदन अजून तसंच. जमीन आली. एक जिना आला, हवेत. मामानं मॉडेल जरा फिरवलं आणि सगळं गोठलं. मॅडम थांबल्या, खरंच पुष्कळ थांबल्या. पुन्हा लावून बघा म्हणाल्या. पुन्हा तेच. त्यांनी स्वतः आत शोधून पाहिलं.

"सुरेंद्र सार, ह्यात ते कार्डच नाही."

मामानं स्टिकरवर अंगठा ठेवला. धूळ पुसावी तसा. म्हणाला, "चूक माझी. घेताना नीट बघितलं नाही."

मी मागं पाइप धरून उभा.

काम तिरुप्पनंदाळच्या गोपालकृष्ण प्लंबरला गेलं.

५ ऑक्टोबर

मामा पट्टीश्वरमला कुणाचा तरी नळ बदलायला गेला. मला नेलं नाही. एका नळाला दोघं कशाला.

७ ऑक्टोबर

स्टिकर काढून खिशात घातलं आणि वैद्यनाथकडं गेलो. सगळं सांगितलं. चूक माझी आहे, मामाची नाही, तो लॅपटॉप परत घ्या म्हटलं.

त्यानं मान वर केली नाही. "माहीत आहे, पोरा. तू चिकटवत होतास तेव्हा तुझा मामा दारातच होता, कापीचा ग्लास घेऊन. तू गाडी आणायला गेलास तेव्हा म्हणाला — जाडा मला परवडत नाही, ह्याच्यावर जमेल तेवढं जमवू. मी बघितलं ते पोराला कळू देऊ नका."

घरी आलो. मामा मागच्या अंगणात पाने पुसत होता. मी लॅपटॉपवर स्टिकर होतं तिथं परत चिकटवलं, कोपरे नीट दाबून.