बाईचा पार्ट

३ जानेवारी १९८२
बोलले एकदाची! नाटक मंडळाच्या बैठकीत सांगून टाकलं — नव्या नाटकात नवऱ्याची दारूभट्टी फोडणाऱ्या बाईचा पार्ट बाईच करणार. सुंदरा करणार. तिने स्वतःच्या घरची भट्टी फोडली आहे, तिच्याइतकं खरं कोण बोलेल?

बंडूजींकडे बघायचा धीर झाला नाही. तीस वर्षं या मंडळात बाईचा पार्ट म्हणजे बंडूजी. समुद्रपुरात मी नवखी मास्तरीण, नाटकं बसवते म्हटल्यावर लोक हसले होते. तेव्हा स्वतःचं लुगडं काखेत मारून पहिले हेच आले. आणि मी त्यांच्याच पुढचं ताट ओढलं.

४ जानेवारी
जेवण गेलं नाही.

९ जानेवारी
बंडूजी तालमीला आले!

सुंदरा रानात मजुरीला जाते, आवाज खणखणीत. पण संवाद म्हणायला उभी केली की मान खाली. बंडूजी थोडा वेळ बसून पाहत होते. मग उठले. "काऊन लाजून राह्यली वं? नवऱ्याले घरी अशीच बोलतं का?" कमरेवर हात ठेवून बाई कशी भांडते ते करून दाखवलं. बाईला बाई शिकवतोय हा बाप्या! सुंदरा हसून हसून मातीत बसली. उठली ती थेट भांडायलाच.

किती उपकार या माणसाचे. कुठे फेडू?

२८ जानेवारी
केळझर, माघी गणपती. दुपारचा खेळ.

सुंदरा आली आणि पहिल्या रांगेत तिला भासरा दिसला — नवऱ्याचा मोठा भाऊ, जंगू. भासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. तिने पदर ओढला आणि लोकांकडे पाठ करून उभी राहिली. तोंडातून शब्द नाही. लोक खिदळायला लागले. मला वाटलं संपलं, आता या स्टेजवर कुणी बाई परत चढणार नाही.

बंडूजी विंगेतून उतरले. जंगूच्या शेजारी जाऊन बसले.
"चला जी जंगूदादा, चहा घेऊ."
"मले नाटक पाहू द्या ना."
"पाय भरून आले माहे. एकटा कसा जाऊ? धरा मले."

जंगू धरून घेऊन गेला बिचारा. सुंदरा वळली. पदर मागे सारला. आणि मग काय बोलली पोरगी! समोरच्या बायका उभ्या राहिल्या. खेळ संपल्यावर चौघी मागे आल्या, म्हणाल्या, आमच्या गावी कधी येता?

बंडूजींनी यातला एक शब्द ऐकला नाही. तीस वर्षांत चुकलेला हा त्यांचा पहिला खेळ. मी त्यांच्या पाया पडले. "उठा बाई," म्हणाले, "चहा चांगला होता."

१ फेब्रुवारी
बंडूजी सकाळी शाळेत आले. मी ओळखलंच नाही. बाईच्या पार्टासाठी जपलेले कमरेपर्यंतचे केस कापून टाकलेत! मी तिथेच रडत माफी मागायला लागले.

"रडता काऊन, बाई? आता मले बाप्याचा पार्ट देजा. लहानपणापासून मनात हाये."

तीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.