तीन शाळा आणि न्हाणीघराची कडी

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (जागा आहे तेवढाच वाकलो आहे, गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? मुख्याध्यापिका झाल्यापासून तू जिने फार चढतेस, जरा शिपायाला आवाज देत जा. माझी तब्येत उत्तम आहे आणि डोकं त्याहून उत्तम.

तुझा निरोप मिळाला. धाकटीला आता तरी शाळेत घाल, वर्गात एकच जागा उरली आहे, आज दुपारपर्यंत कळव, असं तू म्हणतेस. तू मोठी म्हणून ऐकून घेतलं. पण ज्याने एकाच घरात तिन्ही प्रकारचं शिक्षण चालवून पाहिलंय, त्याला शिकवायला जाऊ नये गं. थोरला सरकारी शाळेत शिकला, मधली त्या मोठ्या खासगी शाळेत (जिथे पालकांनासुद्धा बुटांना पॉलिश करून जावं लागतं), आणि दोघांचं काय झालं ते बघून धाकटीला मी घरीच शिकवतो. घराचा कानाकोपरा शाळा करून टाकलाय. कपाटावर ऋतू, दारामागे पाढे, न्हाणीघरात जगाचा नकाशा आणि त्याशेजारी खिळ्याला टांगलेली वही-पेन्सिल. (तुझी भावजय म्हणते, आंघोळीला गेलं तरी पेपरला बसल्यासारखं वाटतं. ती सध्या माहेरी आहे. विश्रांतीसाठी.)

पुस्तकातलं काय, कोणीही शिकवेल. मी आयुष्य शिकवतो आणि न सांगता परीक्षा घेतो. मध्यंतरी 'आग, आग' म्हणून बोंब ठोकली. मग एकदा सोफ्यावर बेशुद्ध पडलो. एकदा चोर होऊन खिडकीतून शिरलो (शेजारच्या काकूंनी पाठीत लाटणं घातलं, तो भाग अभ्यासक्रमात नव्हता). प्रत्येक वेळी मी अगदी कळवळून 'हे खरं आहे' म्हणायचो आणि शेवटी टाळी वाजवून मार्क सांगायचो. मुलगी अशी तयार झाली आहे की विचारू नकोस.

तुला एकदाचं पटावं म्हणून आज सकाळी, शाळा भरायच्या आत, तिघांची एकत्रच परीक्षा घ्यायची ठरवली. न्हाणीघरात शिरलो, कडी लावली आणि 'अडकलो, सोडवा' म्हणून आरडाओरडा सुरू केला. कडी जरा जोमात लावली गेली होती. मधेच हळूच चाचपून बघितली तर ती जागची हलेना. पार वाकली होती. ताई, साबण चोळून पाहिला, तरी ढिम्म.

थोरल्याने आधी दाराला लाथा घातल्या आणि मग गॅलरीत जाऊन अशी हाक मारली की अख्खी इमारत गोळा झाली. भरगच्च वर्गात आवाज चढवायची सवय, दुसरं काय. शेजारपाजारची झाडून सगळी पोरं आमच्या दिवाणखान्यात. मधलीने त्यांचे गट पाडले, गटांना प्रमुख नेमले आणि दाराला तोंड लावून मला अतिशय आदबीने विचारलं की या अनुभवातून मी काय शिकतो आहे. सुताराला कोणत्या गटाने बोलवायचं यावर चर्चा रंगली असताना थोरला त्याला कोपऱ्यावरून धरूनच घेऊन आला.

सुताराने पटाशी काढली आणि (दाराच्या फटीतून दिसलं) धाकटी दारासमोर हात पसरून उभी राहिली. तिने सगळ्यांना शांतपणे समजावलं की ही परीक्षा आहे, बाबा अशाच घेतात आणि कोणी मदत केली तर मार्क कापतात. मी आतून जीव तोडून ओरडलो की अगं, या वेळी खरंच अडकलोय. ती म्हणाली, "बघा, आता 'हे खरं आहे' म्हणतील."

मी नेमकं तेच म्हणालो. बाहेर हशा पिकला. सुतार पटाशी पिशवीत टाकून गेला, पोरं पांगली, थोरला आणि मधली आपापल्या उद्योगाला लागली.

आता तूच बोल. चारचौघांत न अडखळता बोलली, कसलेल्या सुताराला परत पाठवलं आणि जन्मदात्याच्या ओरडण्याला भीक घातली नाही. आहे का तुझ्या शाळेत अशी एक तरी? तेव्हा ती जागा खुशाल दुसऱ्या कोणाला दे. माझा निर्णय पक्का आहे.

तुझा,
भाऊ

ता. क. : हे पत्र दाराखालून सरकवतो आहे. घेऊन येणारी धाकटीच (तिला वाटतंय, हा पुढचा पेपर). मधल्या सुट्टीत सुताराला घेऊन ये. तू खरं म्हणालीस तरच ती ऐकेल. येताना काहीतरी खायला आण.

आणखी एक ता. क. : कागद सरकवणार तेवढ्यात ती दाराला टेकून बसली असावी, आवाज अगदी जवळून आला. म्हणाली, "बाबा, आज आपल्या शाळेत किती मुलं आली होती! उद्या पण अडकाल?"

ताई, सुताराचं सावकाश बघ. आधी ती जागा धरून ठेव.