पारण्याची वाघाटी

बरकतपुरा, हैदराबाद
आषाढ वद्य तृतीया, शके १८७९

तीर्थस्वरूप इंदुआत्या यांच्या चरणी अनसूयेचा नमस्कार. इकडे बाबा व मी बरी आहोत. औरंगाबादचं पाणी तुम्हांला मानवलं का? (गुडघ्याचं मुद्दाम विचारत नाही, विचारलं की दुखतो, असं तुम्हीच म्हणता. शुद्धलेखनाच्या चुकांना मात्र क्षमा नको, पाटी धरायला तुम्हीच शिकवलंत.)

पत्रास कारण, द्वादशीचं पारणं. वाघाट्यांची भाजी पानात पडल्याशिवाय बाबा एकादशी सोडत नाहीत, आणि आई गेल्यापासून ती तुम्हीच केलीत. तुम्ही सोवळ्यात, मी उंबऱ्याबाहेर. त्यामुळे फोडणी मला तोंडपाठ, पण कोपऱ्यात पाठमोऱ्या बसून तुम्ही त्या फळांचं काय करत होता, ते कधी दिसलंच नाही. अंबरपेठेच्या बाजारात रानातून आणलेली वाघाटी मिळाली. विकणारी म्हणाली, "बियां निकालको छाछ में डालो अम्मा, नई तो कडवा होता." मला रागच आला. आमच्या आत्यांच्या पारण्यातलं हिनं सांगावं? (चूक माझीच. दुसऱ्या दिवशी जाऊन तिला तसं सांगून आले. ती फार हसली.)

मी गूळ घालून, अगदी मनापासून, बियांसकट भाजी केली. पहिल्या घासालाच बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "अगदी इंदूच्या हातची." आणि आणखी वाढून घेतली. मी धन्य होऊन माझ्या पानावर बसले. आत्या, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या कुटून भाजी केली असती तरी ती याहून सौम्य झाली असती. बाबांनी वाटीभर संपवली होती. (पारण्याला खोटं बोललं तर एकादशीचं पुण्य जातं का, ते कळवा. बाबांच्या वतीनं मला काळजी वाटते.)

पण राज्याचे तुकडे झाले, तुमच्या विठ्ठलदादाची औरंगाबादला बदली झाली, बाबांनी हैदराबाद सोडायला नकार दिला आणि तुम्ही त्यांच्याशी न बोलता गाडीत बसलात, तेव्हापासून त्यांनी तुमचं नाव घेतलं नव्हतं. आठ महिन्यांत हे पहिल्यांदा.

तरी कडूपणा काढायची कृती सविस्तर कळवावी.

तुमची
अनू

ता. क. कृती कळवू नका, ती मला आता माहीत आहे. नागपंचमीला माहेरी या. बाबा बोलावणार नाहीत. बोलावलं आणि तुम्ही आला नाहीत तर, अशी त्यांना भीती आहे (हा माझा तर्क).

आणखी एक. हे पत्र चोरून लिहिलं होतं. गोंद शोधायला उठले, तेवढ्यात बाबांना कोऱ्या पाकिटाशेजारी तुमचं नाव दिसलं. त्यांनी पुढचं वाचलं नाही, मला काही विचारलं नाही. टाक उचलून पाकिटावर पत्ता लिहिला. तोही विचारला नाही. पाठ होता.