अर्धा चमचा साखर

मुलुंड (पूर्व),
सोमवार, दि. ६ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. पद्मजा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. येथे सर्व कुशल. गुडघा कुरकुरतो, पण जिना उतरू देतो.

नंदकिशोरच्या ज्या पत्रावरून तू हे घर बंद करून मला दिवाळीनंतर नागपूरला नेण्याचे ठरवलेस, त्यातील वृत्त सदोष आहे. माझ्या या भाच्याने दारात उभे राहून एक वाक्य ऐकले आणि मागची-पुढची कथा स्वतः रचली. 'मामांना मामी दिसतात. स्वप्न आणि सत्य यांतला भेद त्यांना उरलेला नाही,' असे तो लिहितो. भेद मला उत्तम कळतो. घडले ते असे.

अविधवा नवमीला तुझ्या आईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची होती. तळमजल्यावरच्या सहदेवची बायको रतन आली. स्वयंपाक मी केला होता. 'अण्णा, अळूत चिंच कमी पडली,' असे तिने पहिल्याच घासाला सांगितले. ओटीत मी तिला ती मोतिया रंगाची साडी दिली, जी तुझ्या आईने हौसेने आणली आणि जिची घडी मोडायची राहून गेली.

"एवढी भारी साडी मी ट्रंकेतच ठेवीन हां," रतन म्हणाली.

"तर मग घडी येथेच मोड," मी म्हणालो.

ती आत साडी बदलायला गेली. मी आरामखुर्चीत टेकलो आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा ओट्याशी मोतिया साडी पाठमोरी उभी होती.

"चहा टाक. साखर दोन चमचे."

"अर्धाच मिळेल."

आता जे तुला कधी कळवले नाही, ते सांगणे भाग आहे. दुपारच्या झोपेत तुझी आई येते. प्रसन्न असते. मात्र मी म्हणेन त्याला 'हो' म्हणते. हयातीत तिने असे कधी केले नाही, हे तू जाणतेस. म्हणून ते स्वप्न आहे हे मी झोपेतही ओळखतो, आणि ओळखूनही उठत नाही. दोन वर्षांत ही कसोटी एकदाही चुकली नव्हती.

त्या दुपारी साखर नाकारली गेली. कसोटीनुसार मी जागा होतो. म्हणजे तुझी आई खरीच ओट्याशी उभी होती.

"दुखण्यातून बरी झालीस तर!" मी म्हणालो. नंदकिशोर नेमका त्या क्षणी दारात आला.

रतन वळली. "अण्णा, मी रतन! झोपेत आहात की जागे?" मग माझा चेहरा पाहून तिने गॅस बारीक केला. "आज मला काकीच समजा हवं तर. साखर मात्र अर्धाच चमचा."

कसोटी चुकली नाही, पद्मजा. मी जागाच होतो; बाई तेवढी दुसरी होती. रतन वळेपर्यंत मी जितका सुखी होतो, त्याची मला मुळीच खंत नाही. चहा अगोड होता. सगळा प्यालो.

आता नागपूरविषयी. तुझ्या घरी मीठ जास्त म्हटले तरी 'हो बाबा' आणि कमी म्हटले तरी 'हो बाबा'. माझ्या कसोटीने ते घर स्वप्नात जमा होते. येथे रतन साखरेवरून भांडते, सहदेव पत्त्यांत 'अण्णा, लबाडी नको' म्हणून ओरडतो. त्यांच्यामुळे मी जागा राहतो; झोप लागली तर खुर्ची आहेच. मी समाधानात आहे. घर बंद करू नये. तूच येथे ये आणि माझे म्हणणे खोडून काढ.

तारखा दुरुस्त करून ठेव:

अविधवा नवमी शनिवारी, २७ सप्टेंबरला होती. नंदकिशोर लिहितो तशी रविवारी नव्हे.

तुझी आई ८ मार्च १९८४ रोजी गेली. ही तारीख मी विसरलो होतो ती रतन वळेपर्यंतच.

माझे नागपूरला प्रस्थान: रद्द.

तुझे येथे आगमन: तारीख तू घाल. ती मी दुरुस्त करणार नाही.

जागेपणी लिहिले,
बाबा